प्रकाशाने बदलणारी पॉलिमर फिल्म : रेणूच्या निवडीपासून ग्रेटिंगपर्यंत

डिस्पर्स रेड १ हे लाल रंगद्रव्य मिसळलेली पॉलिमरची फिल्म ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, हिरव्या लेझरखाली धरली, की प्रकाश पडलेला तेवढाच ठिपका दोन दिशांना दोन वेगळे अपवर्तनांक दाखवू लागतो. त्याच ठिपक्यावर वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश टाकला की लिहिलेलं पुसलं जातं आणि पुन्हा लिहिता येतं. ध्रुवणावर चालणारे होलोग्राम, ऑप्टिकल स्विच आणि पृष्ठभागावर कोरलेली ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाला ठरावीक कोनांत वळवणाऱ्या बारीक समांतर रेषा, या गुणावर उभी आहेत. गोव्यात ताळगावच्या पठारावर, फर्मागुढीला किंवा झुआरीनगरला एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष म्हणून हे काम हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. छापील कृती बहुतेक कोरड्या हवेत लिहिलेल्या असतात. गोव्यात मृगापासून चवथीपर्यंत हवेतलं बाष्प हा तुमच्या मिश्रणातला आणखी एक घटक असतो, आणि त्याचा विचार फिल्म बिघडल्यावर नव्हे, पॉलिमर निवडतानाच करावा लागतो.

बदल किती वेळ टिकायला हवा?

रसायनांची यादी उघडण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहा. कोणत्या तरंगलांबीने लिहिणार, कोणत्या तरंगलांबीने वाचणार, आणि लेझर बंद केल्यावर बदल किती वेळ राहायला हवा. लिहिणाऱ्या तरंगलांबीला रेणूने प्रकाश शोषला पाहिजे, वाचणाऱ्या तरंगलांबीला जवळपास अजिबात नाही. नाहीतर वाचतावाचताच लिहिलेलं पुसलं जाईल. तिसऱ्या ओळीवरून रेणूचा वर्ग ठरतो.

साधा अझोबेन्झीन घेतला तर त्याचं लांबट ट्रान्स रूप सुमारे ०.९ नॅनोमीटरचं आणि दुमडलेलं सिस रूप सुमारे ०.५५ नॅनोमीटरचं असतं. ३२० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश त्याला दुमडतो, ४४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश परत उलगडतो, आणि अंधारात खोलीच्या तापमानाला परतायला त्याला तास ते दिवस लागतात. डिस्पर्स रेड १ मध्ये एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा अमिनो गट आहे आणि दुसऱ्या टोकाला खेचणारा नायट्रो गट. त्यामुळे शोषण ४९० नॅनोमीटरजवळ सरकतं, दोन्ही रूपांचे पट्टे एकमेकांवर येतात आणि सिस रूप काही सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर परत फिरतं. म्हणजे एकच हिरवा लेझर रेणूला सतत दुमडत-उलगडत ठेवतो. ध्रुवण दिशेला समांतर असलेले रेणू जास्त शोषतात, जास्त वेळा फिरतात. फिरताफिरता एखादा लंब दिशेला आला की शोषण थांबतं आणि तो तिथेच राहतो. काही मिनिटांत बरेचसे रेणू लंब दिशेला साचतात. द्विअपवर्तन, म्हणजे दोन दिशांना दोन अपवर्तनांक, येतं ते यातूनच. मिथाइल ऑरेंज पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये मिसळून असं ध्रुवण होलोग्राम लेखन १९८४ मध्ये तोदोरोव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं.

रंगच बदलायला हवा असेल तर मार्ग वेगळा. स्पायरोपायरन ३६५ नॅनोमीटरखाली जांभळा होतो, पण ऑक्सिजनमुळे लवकर थकतो. डायअरिलइथीनची दोन्ही रूपं अंधारात टिकतात आणि चांगला रेणू दहा हजारांहून जास्त फेऱ्या सहन करतो. आठवण ठेवणाऱ्या ऑप्टिकल घटकाला तोच योग्य. उन्हात काळे होणाऱ्या चष्म्यांत मुख्यतः नॅफ्थोपायरन वर्गातले रेणू असतात. ते उष्णतेने परत फिरतात, म्हणून मे महिन्यात मिरामारच्या किनाऱ्यावर असा चष्मा थंड प्रदेशातल्याइतका गडद होत नाही.

नवख्यांनी डिस्पर्स रेड १ पासूनच सुरुवात करावी. स्वस्त आहे, ५३२ नॅनोमीटरचा लेझर सहज मिळतो, आणि काय चुकलं ते लगेच कळतं.

पॉलिमर आणि त्याचं काच-संक्रमण तापमान

रेणू फिरून जागेवर राहावा यासाठी भोवतालचा पॉलिमर खोलीच्या तापमानाला ताठ हवा. पॉलिमर ज्या तापमानाला काचेसारखा ताठपणा सोडून मऊ होतो, ते काच-संक्रमण तापमान पीएमएमएसाठी (पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, म्हणजे पारदर्शक अॅक्रिलिक) सुमारे १०५ अंश, पॉलिस्टायरीनसाठी सुमारे १०० आणि पॉलिकार्बोनेटसाठी सुमारे १५० अंश सेल्सियस आहे. हे आकडे शुद्ध, कोरड्या पॉलिमरचे. रंगद्रव्य, उरलेलं द्रावक आणि पाणी हे तिन्ही त्यांना खाली ओढतात.

पाण्याचाच मुद्दा पाहा. पीएमएमए ओल्या हवेत वजनाच्या दोनेक टक्क्यांपर्यंत पाणी धरतो. पॉलिस्टायरीन जवळपास धरतच नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल तर इतकं पाणी ओढतो की पावसाळ्यात त्याची फिल्म बोटाला चिकटते आणि लिहिलेलं द्विअपवर्तन पाहतापाहता विरतं. जुलैत तुलना करायची असेल तर पॉलिस्टायरीनचा एक संच सोबत ठेवाच. पीएमएमएमध्ये दिसलेला ऱ्हास पाण्यामुळे होता की नाही हे त्यावरून समजतं.

पीएमएमए म्हणून बोर्ड रंगवणाऱ्याकडचे अॅक्रिलिक पत्र्याचे तुकडे वापरू नका. त्यांत अतिनील प्रकाश शोषणारी द्रव्यं असतात, आणि ओतीव पत्र्याचा रेणुभार इतका मोठा असतो की द्रावण गाळणीतून उतरत नाही. रेणुभार सुमारे १,२०,००० असलेली प्रयोगशाळेची भुकटी घ्या.

किती रंगद्रव्य, किती जाडी

इथे आकडेमोड केल्याशिवाय पुढे जाऊ नका. शोषण म्हणजे मोलर शोषणगुणांक गुणिले मोलर संहती गुणिले जाडी. डिस्पर्स रेड १ चा रेणुभार ३१४ आणि शिखरावरचा शोषणगुणांक सुमारे ३०,००० लिटर प्रति मोल प्रति सेंमी. पीएमएमएची घनता १.१८. वजनाने ५ टक्के रंगद्रव्य म्हणजे लिटरमागे ५९ ग्रॅम, म्हणजेच ०.१९ मोल. एक मायक्रोमीटर जाडीला शोषण ०.५६ येतं, शिखरावरचा सुमारे २७ टक्के प्रकाश आरपार जातो. हे चांगलं आहे. शोषण २ झालं तर फक्त एक टक्का आरपार जातो. वरचा थर बदलतो, तळाचा थर अंधारातच राहतो, आणि तुम्ही काढलेली सरासरी फसवी ठरते. शिखरावरचं शोषण ०.५ ते १ च्या मध्ये ठेवा.

नुसतं मिसळलेलं रंगद्रव्य १० टक्क्यांच्या वर नेऊ नये. रेणू एकमेकांना शोधतात, गोळा होतात आणि काही दिवसांत फिल्मवर लाल स्फटिकांच्या सुया दिसू लागतात. त्याहून जास्त हवं असेल तर रेणू पॉलिमरच्या साखळीलाच बांधावा लागतो. टोपलीतली सुटी अबोली आणि दोऱ्यात ओवलेली वळेसर यांत जो फरक, तोच मिसळलेल्या आणि बांधलेल्या रंगद्रव्यात. बांधलेल्याची कृती पुढे दिली आहे.

फिल्म घालण्याची कृती

सुमारे दहा काचपट्ट्यांना पुरेल इतकं प्रमाण: पीएमएमए १.१४ ग्रॅम, डिस्पर्स रेड १ ०.०६ ग्रॅम, क्लोरोबेन्झीन ८.८ ग्रॅम, म्हणजे साधारण ८ मिलिलिटर. घन भाग एकूण १२ टक्के.

१. बाजारातलं डिस्पर्स रेड १ बहुधा ९५ टक्के शुद्ध असतं. इथेनॉलमधून एकदा पुन्हा स्फटिकीकरण करून घ्या आणि पूर्ण वाळवा.

२. आधी रंगद्रव्य द्रावकात विरघळवा, मग पॉलिमर थोडा थोडा घाला. झाकणबंद बाटलीत ५० अंशांवर रात्रभर ढवळा. बाटली फ्रिजमधून काढली असेल तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका. थंड काचेवर जमलेलं पाणी सरळ द्रावणात उतरतं.

३. काचपट्ट्या साबणाचं पाणी, शुद्ध पाणी, अॅसिटोन आणि आयसोप्रोपॅनॉल या क्रमाने प्रत्येकी १० मिनिटं अल्ट्रासॉनिक टाकीत ठेवा. नायट्रोजनने फुंकून १२० अंशांवर वाळवा. आयसोप्रोपॅनॉलनंतर बोट लावू नका.

४. द्रावण ०.४५ मायक्रोमीटरच्या पीटीएफई (टेफ्लॉन) सिरिंज-गाळणीतून थेट काचेवर सोडा. सेल्युलोज अॅसिटेटची गाळणी द्रावकात फुगते.

५. स्पिन कोटरवर (काच वेगाने फिरवून द्रावण पसरवणारं यंत्र) मिनिटाला १५०० फेरे, ६० सेकंद. जाडी साधारण एका मायक्रोमीटरच्या आसपास येईल, पण पॉलिमरच्या रेणुभाराप्रमाणे ती बदलते, त्यामुळे मोजल्याशिवाय मानू नका.

६. हॉटप्लेटवर ९० अंशांना १० मिनिटं, मग निर्वात ओव्हनमध्ये ६० अंशांना रात्रभर. ही दुसरी पायरी गाळणारे पुष्कळ असतात. क्लोरोबेन्झीनचा उरलेला अंश दिसत नाही, पण पॉलिमर मऊ ठेवतो आणि लिहिलेलं लवकर विरतं.

क्लोरोबेन्झीन हुडमध्येच हाताळा, नायट्राइल हातमोजे वारंवार बदला, आणि टाकाऊ द्रव क्लोरीनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत टाका. अझो रंगद्रव्यांची भुकटी त्वचेला त्रास देते. वजन करतानाही हातमोजे हवेत.

आता पावसाळ्याबद्दल. फिल्म दुधाळ, पांढुरकी आली तर बहुतेक वेळा कारण दव असतं. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो. खोलीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर असतो. पृष्ठभाग तीन अंशांनी थंड झाला की त्यावर सूक्ष्म थेंब जमतात आणि त्यांच्याभोवती पॉलिमर साकळतो. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हे द्रावक ६६ अंशांना उकळतं, झपाट्याने उडतं, म्हणून गोव्यात ते स्पिन कोटिंगला निरुपयोगी म्हटलं तरी चालेल. क्लोरोबेन्झीन १३२, अॅनिसोल १५४ आणि सायक्लोहेक्झानोन १५५ अंशांना उकळतं. ती संथपणे उडतात आणि दवबिंदूपर्यंत पोचत नाहीत. त्यासोबत खोली २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आणा. दवबिंदू १४ अंशांपर्यंत उतरतो आणि दहा अंशांची मोकळीक मिळते. नुसत्या एसीवर भिस्त ठेवू नका. कॉम्प्रेसर थांबला की आर्द्रता पुन्हा चढते, डिह्युमिडिफायर लागतोच. स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक स्पिन कोटरजवळ टांगा आणि प्रत्येक फिल्मच्या नोंदीत त्या क्षणीचा आकडा लिहा.

इतर दोष लवकर ओळखता येतात. धूमकेतूसारखी शेपटी असलेला डाग म्हणजे धूळ किंवा न गाळलेला कण. मध्यापासून निघालेल्या रेषा म्हणजे द्रावक फार लवकर उडालं. काठाला जाड कडा येणारच. मोजणी मधल्या भागातच करा.

जाडीसाठी स्टायलस प्रोफायलर असेल तर ब्लेडने एक ओरखडा काढून त्यावरून सुई फिरवा. नसेल तर त्याच द्रावणाने सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर फिल्म घाला आणि ६५० नॅनोमीटरच्या पुढचा परावर्तन वर्णपट घ्या. शेजारशेजारची दोन शिखरं ७०० आणि ९०० नॅनोमीटरला आली तर जाडी होते ७०० गुणिले ९००, भागिले दुप्पट अपवर्तनांक आणि दोन शिखरांतला फरक यांचा गुणाकार. पीएमएमएचा अपवर्तनांक १.४९ धरून हे उत्तर १.०६ मायक्रोमीटर येतं. काचेवर ही शिखरं शोधत बसू नका. काचेचा अपवर्तनांक १.५२ आहे, दोन्हींत फरकच इतका थोडा की परावर्तन उमटत नाही.

द्विअपवर्तन मोजताना

लागणारी सामग्री: ५३२ नॅनोमीटरचा २० मिलिवॅटचा लेझर, एक मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा ६३३ किंवा ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर, दोन पोलरायझर, फोटोडायोड, तांबडा फिल्टर. हिरवी शलाका ५ मिलिमीटर व्यासाची केली की तीव्रता सुमारे १०० मिलिवॅट प्रति चौरस सेंमी होते, एवढी पुरते. तांबडी शलाका हिरव्या ठिपक्याच्या आतच बसली पाहिजे.

दोन पोलरायझर परस्परांना काटकोनात ठेवा, मध्ये फिल्म ठेवा, आणि हिरव्या लेझरचं ध्रुवण पहिल्या पोलरायझरच्या अक्षाशी ४५ अंशांवर फिरवा. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. ध्रुवण ० किंवा ९० अंशांवर राहिलं तर फिल्म कितीही चांगली असो, फोटोडायोडवर शून्यच येतं.

किती संकेत अपेक्षित आहे ते आधी काढा. आरपार जाणारा अंश म्हणजे पाय (π) गुणिले द्विअपवर्तन गुणिले जाडी भागिले तरंगलांबी, या कोनाच्या साइनचा वर्ग. एक मायक्रोमीटर फिल्ममध्ये द्विअपवर्तन ०.०१ असेल तर ६३३ नॅनोमीटरला ०.२५ टक्के प्रकाश येतो. ०.००१ असेल तर लाखात अडीच भाग, आणि पत्र्याच्या स्वस्त पोलरायझरमधून यापेक्षा जास्त प्रकाश एरवीच गळत असतो. म्हणून पोलरायझर म्हणून फारच कमी गळती असलेला ग्लॅन-थॉम्पसन प्रिझम मागवावा लागतो, किंवा जास्त द्विअपवर्तन देणारा पॉलिमर बनवावा लागतो. आमचा कल दुसऱ्याकडे आहे; प्रिझम महाग आहे आणि पॉलिमर तसाही पुढे लागणारच.

पाच मिनिटं हिरवा प्रकाश चालू, दहा मिनिटं बंद, अशी नोंद घ्या. बंद केल्यावर संकेत आधी काही सेकंदांत झपाट्याने उतरतो, मग संथपणे. दहाव्या मिनिटाला शिल्लक राहिलेला अंश हाच तुमच्या रचनेचा खरा आकडा. मिसळलेल्या रंगद्रव्यात तो फारच कमी असतो.

रंगद्रव्य नसलेली फिल्म त्याच शलाकेखाली तपासल्याशिवाय निकाल लिहू नका. फिल्म फिकट झाली तर वर्णपट ध्रुवणाला समांतर आणि लंब अशा दोन्ही दिशांना घ्या, आणि २४ तास अंधारात ठेवून पुन्हा घ्या. एका दिशेला घट आणि दुसरीला वाढ असेल तर रेणू फिरले आहेत. दोन्हींकडे घट असून ती दुसऱ्या दिवशीही तशीच असेल तर रंगद्रव्य जळलं आहे. तीव्रता कमी करा किंवा फिल्मवर नायट्रोजनचा प्रवाह ठेवा.

स्वस्त हिरव्या लेझरमधून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाशही येतो. अवरक्त अडवणारा फिल्टर बसवा. डोळ्यांना धोका आहेच, शिवाय पॉवर मीटरचा आकडाही फुगतो. ५ मिलिवॅटच्या वरच्या लेझरला योग्य तरंगलांबीचा गॉगल हवाच.

रेणू साखळीला बांधण्याची कृती

डिस्पर्स रेड १ मेथॅक्रिलेट विकत मिळतं. एकूण १० मिलिमोलची कृती: डिस्पर्स रेड १ मेथॅक्रिलेट १ मिलिमोल म्हणजे ०.३८२ ग्रॅम, मिथाइल मेथॅक्रिलेट ९ मिलिमोल म्हणजे ०.९०१ ग्रॅम, साखळी सुरू करणारं एआयबीएन ०.१ मिलिमोल म्हणजे १६ मिलिग्रॅम, द्रावक म्हणून कोरडं डीएमएफ ५ मिलिलिटर.

मिथाइल मेथॅक्रिलेट बेसिक अॅल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून गाळा, नाहीतर त्यातला प्रतिबंधक साखळी सुरूच होऊ देणार नाही. एआयबीएन मिथेनॉलमधून स्फटिकीकरण करून घ्या आणि गरम न करता वाळवा. मिश्रणातून ३० मिनिटं नायट्रोजन बुडबुडवा, ६५ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. पावसात वीज जाणारच, म्हणून हॉटप्लेट यूपीएसवर जोडा; अर्ध्या वाटेत थंड झालेली अभिक्रिया पुन्हा तापवून पुढे नेली तर साखळ्यांच्या लांबीत मोठी तफावत येते.

नंतर दहापट मिथेनॉलमध्ये थेंब थेंब ओता. पॉलिमर लाल चिंध्यांसारखा खाली बसतो, न जोडलेला रेणू मिथेनॉलला लाल रंग देतो. टीएचएफमध्ये विरघळवून पुन्हा ओता, मिथेनॉल स्वच्छ राहीपर्यंत. उतारा कमी आला तर घाबरू नका. नायट्रो गट असलेलं वलय मुक्त मूलकांची गती मंदावतं, साखळ्या आखूड राहतात. चिंध्या तेलकट आल्या तर मिथेनॉल बर्फात थंड करून घ्या.

एक सावधगिरी. या पॉलिमरमध्ये रंगद्रव्याचा घटक मोलने १० टक्के आहे, पण वजनाने जवळपास ३० टक्के. नुसतं "दहा टक्के" असं लिहिलेली वही पुढच्या विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही. एका मायक्रोमीटरला याचं शोषण २.७ च्या वर जातं, म्हणून इथे फिल्म ३०० नॅनोमीटरचीच घाला. घन भाग ५ टक्क्यांपासून सुरू करून जुळवून घ्या.

पृष्ठभागावर ग्रेटिंग

१९९५ मध्ये कॅनडातल्या आणि मॅसॅच्युसेट्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की अझो रेणू बांधलेल्या फिल्मवर दोन लेझर शलाकांचं व्यतिकरण पाडलं तर पृष्ठभागच उंचसखल होतो. पॉलिमर तापवावा लागत नाही, कशात धुवावा लागत नाही. तो काच-संक्रमण तापमानाच्या कितीतरी खाली सरकतो. मिसळलेल्या रंगद्रव्याने हे नीट होत नाही, कारण रेणू फिरला तरी साखळीला सोबत ओढत नाही.

सोपी मांडणी लॉइडच्या आरशाची. पसरवलेली शलाका अर्धी फिल्मवर आणि अर्धी फिल्मला काटकोनात लावलेल्या आरशावर पाडा. ग्रेटिंगचं अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले आपाती कोनाच्या साइनची दुप्पट. ५३२ नॅनोमीटरला १५.४ अंशांवर बरोबर एक मायक्रोमीटर येतं. ध्रुवण आपात प्रतलात ठेवा. लंब ठेवलं तर कोरीव खोली नगण्य राहते. तीव्रता १०० मिलिवॅट प्रति चौरस सेंमी, वेळ २० मिनिटं.

या वीस मिनिटांत पंखा बंद, एसीचा झोत टेबलावर येणार नाही असा, दार बंद. पट्टे अर्ध्या मायक्रोमीटरने हलले तरी कोरीव पुसलं जातं. तांबडी शलाका फिल्मच्या मध्यावर लंब पाडून ठेवा. ३९ अंशांवर पहिला विवर्तित ठिपका उजळताना दिसतो. १०० नॅनोमीटर खोलीच्या ग्रेटिंगमधून त्या ठिपक्यात साधारण दोन टक्के प्रकाश जातो. ठिपका वाढून मध्येच मंद होऊ लागला तर पट्टे सरकत आहेत, आरसा पुन्हा घट्ट करा. सुरुवातीला लगेच उजळून तिथेच थांबला तर ते फक्त द्विअपवर्तनाचं ग्रेटिंग आहे, पृष्ठभाग हललेला नाही. हिरवा लेझर बंद करून ठिपका किती उतरतो ते पाहा, आणि एएफएमखाली (सुईने पृष्ठभागाची उंची टिपणारा सूक्ष्मदर्शक) खात्री करा.

लाल फिल्म हिरवा प्रकाश शोषत असल्याने ग्रेटिंग म्हणून ती थेट वापरणं सोयीचं नसतं. तिच्यावरून पारदर्शक प्रत काढा. पीडीएमएस या पारदर्शक सिलिकोन रबराचा आधार आणि घट्टकारक १० : १ मिसळा, निर्वातात अर्धा तास ठेवून बुडबुडे काढा, फिल्मवर ओता आणि ६० अंशांवर चार तास ठेवा. ८० अंशांच्या वर नेऊ नका, कोरीव बुजू लागतं. थंड झाल्यावर पट्ट्यांच्या दिशेने सोला, आडवं नाही. मूळ फिल्म सिलिका जेलच्या डब्यात अंधारात ठेवा. त्याच डब्यात लेन्सही ठेवा, कारण ऑगस्टपर्यंत उघड्या लेन्सवर बुरशी चढलेली असते.